मी बांधलेली मूठ

आसेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला बसलेला मी पहिला. आमच्या बौद्ध वस्तीतला तर पहिलाच, पण पाटलांच्या गल्लीतही तोवर कोणी सायन्स घेऊन इतकं पुढं गेलं नव्हतं. परीक्षा देऊन मी गावी आलो तो उन्हाळा मोठ्या दुष्काळानंतरचा. निकाल लागायचा होता. दिवसभर मी दारातल्या कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसे आणि वस्तीतली माणसं येता-जाता मला काहीबाही विचारत. या कागदावर काय लिहिलंय, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, म्हैस काहून आटली. जे मला येत नव्हतं त्याचंही उत्तर मी देत असे. 'मला माहीत नाही' म्हणायची सवय त्या उन्हाळ्यात माझी पार सुटली होती.

बहीण माहेरी आली होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण मायबाप मजुरीला गेले की घर सांभाळायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी मी असावं असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. दोन वर्षांपूर्वी तिला केनवडला दिली होती. उन्हाळ्याचे दोन महिने राहून पेरणीच्या आत परत जायचं, असं सासरच्यांनी सांगून पाठवलं होतं.

ती कुरडयांचा गहू वाटत बसली की मी तिला माझ्या अभ्यासातलं सांगे. प्राण्यांचे तुटलेले अवयव पुन्हा कसे उगवतात, या प्रकरणावर परीक्षेत मोठा प्रश्न आला होता आणि मी तो भरभरून लिहिला होता.

"पालीची शेपटी तुटते ना, ती पुन्हा येते," मी म्हणालो.

"ते तं मलेबी ठाऊक हाये. हे शिकाले वाशीमले गेला व्हता का तू?"

"खेकड्याचा आकडा येतो. गांडुळाचं तुटलेलं टोक येतं."

"अन् माणसाचं?"

"माणसाचं कातडं येतं. मांस भरतं. बोट गेलं तर मात्र बोट येत नाही."

"मंग माणूस पालीहून हलकाच झाला म्हना," ती म्हणाली आणि हसत हसत मायला हाक मारली, "माय वं, तुह्या पोरानं पंधरा वर्षं शिकून पाल मोठी ठरवली."

वाटून निवळलेला चीक तिसऱ्या दिवशी सकाळी शिजवला. दुष्काळाची वर्षं रेशनवरची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, खाऊन काढलेली. घरात गव्हाच्या कुरडया होणार म्हणून माय सकाळपासून खुशीत होती. त्या कुरडया माझ्यासाठीच होत्या. मी नोकरीला कुठं लागलो तर बरोबर न्यायला. चीक हाटता हाटता चूल एका अंगानं खचली आणि पातेलं कलंडलं. बहिणीनं ते उजव्या हातानं सावरलं. चीक वाया जाऊ नये म्हणून. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. चीक चिकटून राहतो आणि चिकटल्या जागी भाजत राहतो. तिनं डाव्या हातानं तो ओरबाडला, तेव्हा त्याच्याबरोबर बोटांची सालं निघून आली.

बाबा खाटेवरून उठले. "शेलूबाजारले नेऊ का? तिथं डाक्टर हाये."

मी म्हणालो, "कशाला? मी आहे ना."

ही चार अक्षरं मी किती सहज बोललो ते मला अजून ऐकू येतं.

कॉलेजात असताना मी प्रथमोपचाराच्या शिबिरात चार दिवस होतो. त्याचं प्रमाणपत्र ट्रंकेत होतं आणि पट्ट्या बांधायची चित्रं असलेलं एक पातळ पुस्तकही होतं. मी बाबांचं जुनं धोतर उकळून घेतलं, वाळवलं, त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या. हातावर गार पाणी ओतलं, जांभळं औषध लावलं. मग बहिणीला मूठ मिटायला सांगितली आणि मनगटापासून वर तिरप्या घड्या घेत सगळी मूठ गुंडाळली. पट्टी इतकी सुबक आली की शेजारपाजारचे बघायला आले. बाबा एका माणसाला म्हणाले, "दवाखान्यातबी असं नाई बांधत." मी मान खाली घातली, पण ते ऐकायला मिळावं म्हणून तिथंच थांबलो.

संध्याकाळी बुढीमाय आली. ती आमच्या वस्तीतली दाई. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, मीही त्यातलाच. भाजलं, मुरगळलं, गळू झालं की लोक तिच्याकडे जात. तिच्या हातात पितळी वाटी होती. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून तिनं लोण्यासारखं पांढरं केलं होतं. दुसऱ्या हातात एरंडाची कोवळी पानं.

"सोड ते फडकं," ती मला म्हणाली. "बोटं अलग कर. बोटाबोटात पानाची पट्टी ठेवा लागते, तेल लावून. नाई तं बोटाले बोट धरते."

"धरते म्हणजे?"

"धरते म्हंजे धरते. चिकटते."

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. घरोघरचे देव टोपल्यात भरून नदीवर नेले, त्यात बुढीमायच्या घरचेही होते. अंगात येणं, उतारा, मंत्र, गंडेदोरे, सगळं वस्तीनं सोडलं. आम्ही शाळा शिकलो ते त्या सोडण्याच्या बळावर. त्याचे उपकार मी जन्मभर मानत आलो आहे. पण बुढीमाय औषध लावताना तिचे ओठ अजून हलत. ती काय पुटपुटते हे मी कधी विचारलं नव्हतं. मला ते नुसतं दिसे आणि राग येई.

मी म्हणालो, "बुढीमाय, आपण हे सोडलं ना आता?"

"देव सोडले रे बाबा," ती म्हणाली. "पाला कायले सोडू? पाल्यानं काय केलं?"

भोवतालचे हसले. ते तिच्या बाजूनं हसले असं मला वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि कॉलेजातल्या भाषेत बोललो. उघड्या जखमेवर झाडाचं पान ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण, अशा अडाणीपणामुळंच आपली माणसं मेली, असं काहीतरी. 'अडाणी' हा शब्द मी तिच्या तोंडावर वापरला. ती वाटी तशीच उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. मायनं वाटी आत घेतली, पण त्यातलं औषध वापरलं नाही. माझी भीती वाटली असेल तिला.

पुढं मी रोज पट्टी बघे. म्हणजे वरून बघे. खालची घडी जखमेला चिकटली होती, ती ओढली की बहीण ओरडे आणि मला ते ऐकवत नसे. मग मी ठरवलं की जखमेला डिवचणं वाईट. दहाव्या दिवशी कोमट पाण्यात हात भिजवून सगळं सोडलं. आत लालगुलाबी, दाणेदार, ओलसर मांस आलं होतं आणि कडेनं मोत्याच्या रंगाची बारीक किनार सरकत होती. ते नवं कातडं. माझ्या पुस्तकातलं वाक्य माझ्या डोळ्यांदेखत चालत होतं. मला इतका आनंद झाला की मी बाबांना शेतातून हाक मारून बोलावलं. "बघा, भरून राहिलंय." आणि तीच मूठ तशीच मिटवून पुन्हा बांधली. बहीण म्हणाली, "दादा, बोटं उलगडून बांध ना. आखडून गेली." मी म्हणालो, "उलगडलं तर भेगा पडतील. तुला कळत नाही."

असे पाच आठवडे गेले. पेरणी आली तेव्हा जखम पूर्ण भरली होती. कुठं ओल नाही, वास नाही. मी शेवटची पट्टी काढली आणि म्हणालो, "उघड."

तिला उघडता येईना. तर्जनी तेवढी अर्धी उचलली गेली. बाकीची तीन बोटं एकमेकांना धरून होती. त्यांच्यामध्ये फटच नव्हती, वरून एकच गुळगुळीत, चकचकीत कातडं गेलं होतं, आणि तिन्हींची टोकं तळहाताकडे ओढलेली. तिनं डाव्या हातानं ती ओढून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नवं आहे म्हणून ताठ आहे. सैल होईल."

सैल झालं नाही. उलट रोज थोडं जास्त आवळत गेलं. एका सकाळी ती परातीत पीठ मळून भाकर थापायला बसली. भाकर उघड्या तळहातानं थापतात. तिनं मुठीच्या बाजूनं थापून पाहिलं, भाकर फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा थापलं, पुन्हा फाटली. केनवडहून निरोप आला होता की दिवस उलटून गेले, सून अजून कशी आली नाही. माय चुलीपाशी बसून म्हणाली, "असा हात घेऊन हिले कशी धाडू? ते तं म्हनतीन, आमची सून नेली अन् ही काय आनून ठेवली." बहिणीनं तिसरा गोळा गाईला टाकला.

शेलूबाजारला येऊन आम्ही अकोल्याची एस.टी. धरली. तेव्हा आमचा जिल्हा अकोलाच. मी, बाबा आणि बहीण. मोठ्या दवाखान्यात दुपारपर्यंत रांगेत बसलो. तपासणीच्या टेबलापाशी डॉक्टरांच्या भोवती दोन-तीन शिकाऊ पोरं होती, माझ्याच वयाची, पांढऱ्या कोटातली. डॉक्टरांनी तिचा हात उलटासुलटा करून पाहिला, बोटांमधल्या कातड्यावर पेनानं रेघ ओढून दाखवली.

"भाजल्यावर हे कोणी बांधलं?"

बहिणीनं खाली पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या कोटातल्या पोरांपैकी एकजण माझ्या बुटांकडे बघत होता. ते बाबांनी माझ्या परीक्षेसाठी घेतलेले होते.

मी म्हणालो, "गावातल्या दाईनं."

"तुम्ही कोण?"

"भाऊ. बी.एस्सी. झालोय." निकाल अजून लागायचा होता.

"मग तुम्ही बघत बसलात?"

"मी वाशीमला होतो."

डॉक्टर बाबांकडे वळले. "दाईनं बांधलं?" बाबांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "हो साहेब." माझ्या माहितीत बाबा एवढं एकदाच खोटं बोलले.

डॉक्टरांनी कार्डावर इंग्रजीत काही लिहिलं आणि मग पोरांना समजावून सांगू लागले. ते सगळं मी ऐकलं आणि ते माझ्यासाठीच होतं. "शरीराला एकच घाई असते," ते म्हणाले. "उघडं पडलेलं झाकायचं. सरळ की वाकडं, ते त्याला कळत नाही. दोन कच्ची बोटं शेजारी शेजारी ठेवली की त्याच्या लेखी ती एकच जखम. वरून एकच कातडं ओढून घेतं. आणि नंतर हा वण महिनोन्महिने आवळत राहतो. म्हणून मधे काहीतरी ठेवावं लागतं आणि बोटं पसरून बांधावी लागतात. गावठी दाईला हे कुठून माहीत असणार?" मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "तुमच्यासारख्यांनीच आता गावाला शिकवलं पाहिजे."

मी "हो सर" म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात बाबांनी फडक्यातली भाकर सोडली. तुकडा मोडता मोडता म्हणाले, "दवाखान्यात तुही लाज राखली. गावात थे कुठं ठेवाची, थे तूच पाय."

त्या वेळी त्या पातळ पुस्तकाची मला आठवण झाली. घरी आल्यावर ट्रंकेतून काढलं. भाजलेल्या हाताचं पान मी कधी उलटलंच नव्हतं. मी घोट्याचं आणि डोक्याचं बांधणं शिकलो होतो. त्या पानावर चित्राखाली बारीक अक्षरात होतं: बोटांच्या मधे स्वतंत्र घडी ठेवावी.

ऑपरेशन झालं. चिकटलेली बोटं कापून मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या बाजूंवर मांडीचं पातळ कातडं काढून लावलं. पाचव्या दिवशी पट्टी सोडल्यावर कातडं धरलं की नाही ते कळणार होतं. मी तिच्या उशाशी उभा होतो. पट्टीचा शेवटचा थर उचलला आणि डॉक्टर म्हणाले, "गुलाबी आहे. लागलं." बहीण हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "आता माही बोटं मांडीची झाली वं. सासू म्हनीन, सून बोटानं चालून राह्यली." ती बाई हसता हसता खोकायला लागली. मांडीवरची जागा पंधरा दिवसांत आपोआप भरून आली, कोणी काही न करता.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. रोज तीन-चारदा तेल लावून वण चोळायचा, एकेक बोट ओढून सरळ धरायचं, आणि हे सहा महिने तरी. नाहीतर पुन्हा आखडेल. मी घरी ते करायला बसलो. बोट ओढलं की तिच्या डोळ्यांतून पाणी येई आणि माझा हात सैल पडे. चार दिवसांनी ती उठून बुढीमायकडे गेली. बुढीमायनं काही विचारलं नाही म्हणे. जवसाचं तेल काढलं आणि म्हणाली, "आन इकडे."

भादव्यात उपकेंद्राची नर्सबाई वस्तीत आली. बहिणीच्या पट्टीसाठी तिला दवाखान्याचं कार्ड दाखवलेलं होतं. सरकारनं त्या सुमारास दाईंना शिकवायचं काढलं होतं. तालुक्याला महिनाभर ठेवून शिकवायचे आणि शेवटी ब्लेड, दोरा, साबण ठेवलेली एक पत्र्याची पेटी द्यायचे. त्या यादीत बुढीमायचं नाव नर्सबाईनंच घातलं होतं. पेटी मिळणार म्हणून बुढीमायनं ती ठेवायला घरात एक फळी ठोकली होती, तीही स्वतःच.

मी घरात होतो. दार अर्धं लोटलेलं. बाहेर विहिरीपाशी दोघी बोलत होत्या, ते सगळं ऐकू येत होतं.

"बुढीमाय, तुमचं नाव मी काढलं यादीतून," नर्सबाई म्हणाली. "त्या पोरीचा हात काय करून ठेवला तुम्ही? माझ्यावर येते ना उद्या."

"म्या काय केलं?"

"तुम्हीच बांधला ना? कार्डावर लिहिलंय."

"म्या नाई बांधला वं बाई. म्या तं पाला घेऊन गेलो व्हतो."

"डॉक्टर खोटं लिहितील का?"

विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "तवाच म्हनत व्हतो, बुढीचे हात आता कापतात." दुसरीची सून त्या वेळी पोटुशी होती आणि पुढं बाळंतपणाला त्यांनी दुसऱ्या गावची दाई आणली.

हात बांधला तेव्हा शेजारीपाजारी पाहून गेले होते. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. बी.एस्सी. झालेल्या पोराचं नाव नर्सबाईसमोर कोण घेणार? वस्तीला माझा अभिमान होता. त्या अभिमानाच्या आड मी बसून राहिलो.

नर्सबाई गेल्यावर बुढीमाय आमच्या घरी आली. ती माझ्यावर चिडून आली असेल असं मला वाटलं. तिच्या मनात तसं काही नव्हतं. वस्तीत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा होतो, म्हणून ती आली होती.

"दादा," ती म्हणाली, "थे कार्ड वाचून दाखव मले. काय लिवलं हाये त्याच्यावर? माहं नाव हाये का?"

कार्ड आमच्या फळीवर होतं. बहिणीनं ते काढून माझ्या हातात दिलं. ओळ स्पष्ट होती. दाईनं घट्ट बांधल्यामुळं बोटं चिकटली, एवढीच. मी कार्ड उजेडाकडे धरलं, वळवलं, पुन्हा धरलं.

"डॉक्टरांचं अक्षर लागत नाही," मी म्हणालो.

"तुलेबी नाई लागत?"

"नाही."

"मंग कोनाले लागीन?" असं म्हणून ती दाराकडे वळली. "येवढं शिकला बापा तू," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. माझ्यासाठी वाईट वाटून म्हणाली. मग गेली.

बहीण माझ्याकडे बघत राहिली. चौथी शिकलेली, पण आकडे आणि चेहरे तिला वाचता येत.

"तुले अक्षर लागलं," ती म्हणाली.

मी कार्ड परत फळीवर ठेवलं.

"मी दवाखान्यात गप राह्यलो, काहून का तुह्या अब्रूचा सवाल व्हता. बाबाबी गप राह्यले. पन थे बुढी रोज माह्या बोटाले तेल लावून राह्यली, अन् तू तिले म्हनतं का अक्षर लागत नाई?"

"आता सांगून काय होणार आहे?"

"मले नाई ठाऊक. तू शिकेल हायेस, तू सांग." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "उद्या तू उपकेंद्रात नाई गेला तं मी जातो. अन् मी गेलो तं दवाखान्यात काय काय बोलला थे सगळं सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तोवर माझा निकाल लागला होता, आणि नर्सबाईनं मला पाहताच पेढे मागितले. म्हणाली, बरं झालं आलात, पुढच्या आठवड्यात बायकांची सभा आहे, तिथं अंधश्रद्धेवर दोन शब्द बोला. बहिणीचा हातही दाखवता येईल. बहीण दारापाशी उभी होती. मी खुर्चीवर बसलो नाही. जे होतं ते सांगितलं. सांगताना मधेच मी "त्या वेळी परिस्थिती अशी होती की" असं काही सुरू केलं, तर मागून बहीण खोकली आणि मी ते वाक्य सोडून दिलं.

नर्सबाईनं कागद पुढं केला. "हे लिहून द्या. सही करा. पण यादी वर गेली. यंदा काही होत नाही." मी लिहून दिलं. पुढच्या वर्षीच्या यादीत वयाची अट आली आणि बुढीमायचं नाव त्यात बसलं नाही. ती पेटी तिला कधीच मिळाली नाही. मला त्याच वर्षी शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी पुढं पोरांना जीवशास्त्र शिकवलं. जखम कशी भरते हा धडा आला की मी तो नीट शिकवत असे, पण फळ्याकडे तोंड करून.

बहिणीचा हात बराचसा उघडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शेवटपर्यंत थोडं वाकडंच राहिलं. कापूस वेचताना बोंडात त्या बोटांची नखं अडकतात, असं तिनं एकदा सहज सांगितलं होतं. दिवाळीआधी ती केनवडला गेली. सासू दोन दिवस बोलली, मग थकली.

पण उपकेंद्रातून परत आलो त्या दुपारचं राहिलं. वस्तीच्या तोंडाशीच बहीण म्हणाली, "आता बुढीकडे." मी म्हणालो, जेवून जाऊ. ती चालतच राहिली. बुढीमाय दारात बसली होती, तेलाची वाटी शेजारी. बहीण तिच्यापुढं बसली आणि हात पुढं केला. बुढीमायनं तेल घेतलं, अनामिका दोन बोटांत धरली आणि ओढली. बहिणीनं दात आवळले. बुढीमायचा हात सैल पडला नाही.

मी खिशातून कार्ड काढलं. "बुढीमाय, अक्षर लागतं मला. काल खोटं बोललो."

ती बोट धरूनच होती. मी ती ओळ आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. मग म्हणालो, "हे डॉक्टरांना मी सांगितलं. बांधलं मी होतं."

"हे तं मले ठाऊकच हाये का तू बांधलं," ती म्हणाली. "म्या पायलं व्हतं ना. पन तू तिथं माहं नाव सांगितलं, हे नव्हतं ठाऊक." तिनं ते बोट सोडलं आणि पुढचं धरलं. "म्या काय केलं व्हतं तुहं?"

विहिरीवर कालच्याच बायका होत्या. आमच्याकडे बघत होत्या, पण इतक्या लांबून त्यांना काही कळत नसावं. बुढीमायनं मान वर केली आणि त्यांच्या दिशेनं पाहिलं.

"उभा राय," ती मला म्हणाली. "अन् पुना वाच. जोरानं वाच. त्या बायाइले आयकू नाई आलं."

मी उभा राहिलो, ती ओळ वाचली आणि बांधलं मी होतं, डॉक्टरांना खोटं मी सांगितलं, तेही सांगितलं. विहिरीपर्यंत आवाज पोचला नाही, म्हणून पुन्हा वाचावं लागलं.